थंड हवेची ठिकाणं आणि ती वसवणारी माणसं

एप्रिल उजाडला की मुंबई सरकारचं बिऱ्हाड हलायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शिरस्ताच होता: हिवाळ्यात मुंबई, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. गव्हर्नर, त्यांचे सचिव, कारकून, दप्तराच्या पेट्या, खानसामे, घोडे असा सगळा लवाजमा घाट चढायचा. आज मे महिन्यात पसरणी घाटात मोटारींची जी रांग लागते, तिची सुरुवात या सरकारी बिऱ्हाडात आहे.

अशा प्रत्येक ठिकाणाच्या माहितीपुस्तिकेत एका इंग्रज अधिकाऱ्याचं नाव आणि एक साल हमखास सापडतं. अमुक साहेबानं अमुक साली हे ठिकाण 'शोधलं'. पण जिथं आधीपासून देवळं होती, वाटा होत्या, माणसं होती, ते ठिकाण शोधायचं काय राहिलं होतं? आणि बंगले, रस्ते, बागा जी काही नवी वसाहत उभी राहिली, ती कुणाच्या श्रमातून? सुट्टीची आखणी करताना या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत असली, तर पाहण्याची ठिकाणंही थोडी बदलतात.

महाबळेश्वरपासूनच सुरुवात करावी. क्षेत्र महाबळेश्वरचं शंकराचं देऊळ, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांचा उगम मानलं जाणारं पंचगंगेचं मंदिर आणि जवळच काळ्या दगडातलं कृष्णाबाईचं देऊळ ही सगळी साहेबाच्या बंगल्यांहून कितीतरी जुनी. हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधून काढला आणि 1659 च्या नोव्हेंबरात त्याच गडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा निकाल लागला. जिजाऊंची सुवर्णतुला याच क्षेत्री झाली, असंही परंपरेनं सांगितलं जातं. म्हणजे 1824 मध्ये साताऱ्याहून जनरल लॉडविक या पठारावर चढून आला, तेव्हा तो ओसाड रानात नव्हे, वाहत्या तीर्थक्षेत्री आला होता.

पुढं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथं आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी वसाहत करायचं मनावर घेतलं. जमीन साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची. 1829 मध्ये करार झाला आणि या जागेच्या बदल्यात वाई भागातलं खंडाळा हे गाव महाराजांना मिळालं. साताऱ्याहून वर येणारा रस्ता महाराजांनीच करून दिला आणि नव्या पेठेला गव्हर्नरांचं नाव दिलं, माल्कम पेठ. अवघ्या दहा वर्षांत, 1839 मध्ये, कंपनी सरकारनं याच प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. 1847 मध्ये ते तिथंच वारले आणि पुढच्या वर्षी साताऱ्याचं राज्य खालसा झालं. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 च्या सुमारास बांधलेला वेण्णा तलाव आजही गावाची शान आहे. तिथं होडीत बसणाऱ्या किती जणांना हा इतिहास ठाऊक असतो? ज्या घराण्यानं जागा दिली, रस्ता दिला, पाणी दिलं, त्याचं नाव पॉइंटांच्या गर्दीत कुठं हरवलं हे मनाला लागतं.

पेठ उभी करायला माणसं लागली, तीही लांबून आणली गेली. 1834 मध्ये इथं तुरुंग झाला आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवले गेले. रस्त्यांची कामं त्यांनी केली, वेताच्या टोपल्या विणल्या आणि तुरुंगाच्या मळ्यात बटाटे, विलायती भाज्या पिकवल्या. साहेबांच्या टेबलावर जाणारी भाजी या कैद्यांच्या हातची होती. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला, पण लाल मातीत विलायती पीक येतं हे तोवर पक्कं ठरलं होतं. आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा मोठा वाटा महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येतो, 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मलईत घोळलेली स्ट्रॉबेरी खाताना या मळ्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

आणखी एक समाज या पठारावर राहत होता, तो धावडांचा. जांभ्या दगडातून लोखंड गाळणं हा त्यांचा पिढीजात धंदा. लालसर, जड दगड निवडून फोडायचे, रानातल्या लाकडाचा कोळसा पाडायचा, मातीच्या भट्टीत दगड आणि कोळसा भरून भात्यानं वारा घालत राहायचं. तासन्‌तास भट्टी फुलवल्यावर तळाशी लोखंडाचा गोळा जमायचा. तो तापवून, ठोकून त्याची अवजारं व्हायची. एवढ्या कोळशाला रान पुष्कळ लागायचं. थंड हवेचं ठिकाण राखायचं म्हणून सरकारनं झाडतोडीवर निर्बंध घातले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. रान वाचलं हे चांगलंच झालं. आजची दाट सावली त्या निर्बंधांचीही देणगी आहे. पण साहेबांच्या बंगल्यांसाठी रस्ते कापले जात असताना धावडांचा धंदा तेवढा बुडाला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

मुंबईकरांना तेव्हा इथं पोचणं सोपं नव्हतं. बाणकोटच्या खाडीतून बोटीनं दासगाव-महाडकडे यायचं आणि तिथून पार घाटानं डोलीत किंवा घोड्यावर वर चढायचं. डोली वाहणाऱ्यांची नावं कुठल्याही कड्याला मिळाली नाहीत. नावं मिळाली ती आर्थर मॅलेटची, माल्कमची मुलगी केट हिची आणि खुद्द लॉडविकची.

खाली पाचगणी मात्र वेगळ्या वळणानं वाढली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधली ही जागा. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थानं इथं बस्तान बसवलं, सिल्व्हर ओकची झाडं लावली. महाबळेश्वरच्या तुलनेत पाऊस बराच कमी, त्यामुळं वर्षभर राहता येईल अशी जागा म्हणून शाळा आल्या आणि आरोग्यधामंही आली. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात, 1912 मध्ये, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथं बेल एअर आरोग्यधाम सुरू केलं. कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच काय तो उपचार. 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर महात्मा गांधी प्रकृतीसाठी पाचगणीत येऊन राहिले. अलीकडची भर म्हणजे जवळचं भिलार. 2017 मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं आणि तिथल्या घराघरांत वाचायला बसता येतं. पाचगणीच्या टेबललँड पठारावरच्या घोडेस्वारीतून वेळ काढून तिथली एक दुपार नक्की गाठावी.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पलीकडेही हा पसारा आहे. विदर्भाचं चिखलदरा सातपुड्यात सुमारे 1,100 मीटर उंचीवर. शेजारचा गाविलगड 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं जिंकला, पुढं 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला आणि इथं कॉफीची लागवडही झाली. पण मेळघाट हा कोरकूंचा प्रदेश आहे, आणि त्यांची गावं, त्यांची भाषा समजून घेतल्याशिवाय तिथली सहल अर्धीच राहते. खानदेशात तोरणमाळ आहे. भिल्लांच्या वस्तीचं हे पठार महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेनं भरून जातं. उन्हाळ्यात मात्र यशवंत तलावाच्या काठी निवांतपणा असतो. दक्षिणेला आंबोली, वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगाव यांच्या वाटेवर वसलेली. या तिन्हींच्या वाट्याला महाबळेश्वरइतकी गर्दी कधी आली नाही, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडलं आहे.

हे झालं साहेबानं आणि पुढं शेठ-सावकारांनी लावलेलं वळण. सामान्य मराठी माणसाचा उन्हाळा निराळ्याच दिशेनं जायचा. गिरणगावातला चाकरमानी मे महिन्यात थंड हवेला नव्हे, गावी जायचा. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, ट्रंका आणि वळकट्या सांभाळत डेकवर रात्र काढायची, बंदरात बोट लांबच उभी राहिली की पडावातून किनारा गाठायचा. पावसाळा लागला की या बोटी बंद, म्हणून मृगाच्या आत परतायचंही असायचं. तेवढ्यात आंबे-फणस, घराची शाकारणी, एखादं लग्न असं सगळं उरकायचं. 1948 मध्ये सुरू झालेली एसटी हळूहळू घाट उतरून खेड्यापाड्यांत पोचली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीचा प्रवास आठवणीत जमा झाला. गावी जाण्याची ओढ मात्र तशीच राहिली. महाराष्ट्राच्या उन्हाळी प्रवासाची ही बाजू, पुस्तिकांत न येणारी, खरं तर संख्येनं मोठी.

माथेरानच्या इतिहासात या दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढून वर गेले. पुढं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी वसाहतीला चालना दिली. पण माथेरान सर्वांच्या आवाक्यात आणलं ते सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ध्यास घेतला, आदमजींनी 16 लाख रुपये घातले आणि 1907 च्या मार्चमध्ये नेरळहून दोन फुटी रुळांवर गाडी धावू लागली. सुमारे 21 किलोमीटरच्या वाटेत चढ इतका तीव्र, की वीस फूट पुढं सरकताना गाडी एक फूट वर चढते. 2005 च्या प्रलयात मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये, शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाला.

याच माथेरानात 1912 मध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. बंगल्यांतल्या पाहुण्यांची सेवा करणाऱ्यांच्या वस्तीतला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. सावकारांच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांत शाळा चालवल्या. 1942 च्या लढ्यात 'आझाद दस्ता' उभारून त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील बळी पडले. माथेरानला जाणाऱ्याने पॅनोरमा पॉइंटवरचा सूर्योदय जरूर पाहावा, पण या माणसाची ओळखही करून घ्यावी.

माथेरानात मोटारी येत नाहीत. दस्तुरी नाक्यावर थांबायचं, पुढं पायी किंवा घोड्यावर जायचं; माणसानं ओढायच्या रिक्षाही असायच्या. तांबड्या चढणीवर एक माणूस पुढं ओढायचा, दुसरा मागून रेटायचा, उतारावर तेच अंगाचा भार टाकून गाडी आवरायचे. 2022 च्या अखेरीस इथं ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि त्यांच्या जागी येणाऱ्या ई-रिक्षा आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, असंही बजावलं.