भाकर एक, पंगती वेगळ्या

आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, इंग्रजांचं एसपीजी मिशन मागाहून. बायबल तेच, येशू तोच, येणारे लोकही बरेचसे त्याच गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले. पण प्रभुभोजन म्हटलं की पंगत वेगळी! अँग्लिकनांचा नियम असा की बिशपने हात ठेवून दीक्षा दिलेल्या पाळकानेच विधी करायचा. अमेरिकन मिशनमध्ये तर बिशपच नाही. भांडण विलायतेचं, गळ्यात पडलं आपल्या माणसांच्या.

१९२९ पासून बोलणी चालली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. खरा घोळ होता जुन्या पाळकांचा. त्यांना पुन्हा दीक्षा द्यायची, म्हणजे आधीची खोटी ठरवायची? तोडगा मला तरी भारी वाटतो: सगळ्याच बाजूंच्या पाळकांवर हात ठेवून प्रार्थना करायची. कुणीच कमी नाही. बाप्तिस्मा तान्ह्याचाही मान्य, जाणत्याचाही.

मेथॉडिस्टांचा मोठा गट मात्र ऐनवेळी बाहेर राहिला. कॅथलिक तर या बोलण्यांत नव्हतेच. त्यामुळे कॅथलिक चर्चमधल्या लग्नात आजही एक सोयरा कम्युनियनला उठतो, शेजारचा बाकावरच बसून राहतो.