मंडळी, मराठी ख्रिस्ती

मंडळी, मराठी ख्रिस्ती : ख्रिस्तावरील विश्वासाने एकत्र येऊन नियमित उपासना करणारा, परस्परांच्या सुखदुःखाची जबाबदारी घेणारा आणि आपला कारभार आपण पाहणारा स्थानिक समुदाय. उपासनामंदिर नसले तरी मंडळी असू शकते. खेड्यांतील कित्येक मंडळ्या झाडाखाली किंवा शाळेच्या एकाच खोलीत भरत आल्या. प्रस्तुत नोंद मुख्यतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील प्रोटेस्टंट मंडळ्यांविषयी आहे, कारण मराठी मंडळीजीवनाची घडण तेथे फार स्पष्ट दिसते.

अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे उघडले. तेथील पहिली मंडळी 1833 मध्ये स्थापन झाली. हे मिशनरी बहुतांशी काँग्रिगेशनल परंपरेतले होते. या परंपरेत अंतिम अधिकार बिशपकडे नसून मंडळीच्या सभासदांकडे असतो. पाळक निवडणे, नव्या सभासदाला सामील करून घेणे, चुकलेल्याला शिस्त लावणे, जमाखर्च पाहणे ही सारी कामे सभासदांच्या सभेत ठरतात. सभासदांतून निवडलेले डीकन पाळकाला साहाय्य करतात आणि गरिबांची काळजी वाहतात. तत्त्व असे असले तरी सुरुवातीला पैसा मिशनचा आणि पाळकही मिशनरीच होता. मंडळी मात्र अशा आधारावर फार काळ उभी राहू शकत नाही. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचेही मत असेच होते. मंडळ्यांना देशी पाळक मिळावेत आणि त्यांचा खर्च मंडळ्यांनीच उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. ते 1854 मध्ये पाहणीसाठी भारतात आले आणि त्याच वर्षी अहमदनगरला हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी माणसाने मराठी मंडळीची धुरा घेतली, हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा होय.

दुसरे वळण गाण्याचे. इंग्रजी चालींत बसवलेली स्तोत्रे तोंडपाठ होत, पण ती जिभेवर रुळत नसत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी चालींत पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ-मृदंगासह होणाऱ्या आख्यानातून बायबलची कथा निरक्षरांपर्यंत पोहोचली. पुढे नारायण वामन टिळक (मृत्यू 1919) यांनी या प्रवाहाला अभंगाचे बळ दिले. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला आणि त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी अहमदनगरला काढली. मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांच्या गीतांचा मोठा वाटा आहे. मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मंडळीची सीमा कोठे आखावी, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न आजही जिवंत आहे.

शहरातल्या मंडळीत आरंभी काही ब्राह्मण कुटुंबे ठळक दिसत असली, तरी खेड्यांतील मंडळ्या प्रामुख्याने महार व मांग समाजांतून उभ्या राहिल्या. 1876–78 च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. तिथे पाळक क्वचितच असे. आठवडाभर मुलांना शिकवणारा मास्तरच रविवारी उपासना चालवी, पत्रे लिहून देई, तंटे मिटवी. बायबल-बाया घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचायला शिकवीत. त्यांच्या कामाची नोंद अहवालांत थोडक्यात आली आहे, त्यांचे ऋण मात्र मोठे आहे. गावकीतल्या जातीच्या भिंती मंडळीत लगेच पडल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. तरीही प्रभुभोजनाला एकाच पंक्तीत बसण्याची सवय लावणे, हे त्या काळी धाडसाचे काम होते.

वर्षाच्या फेऱ्यात नाताळ आणि ईस्टर मोठे, पण खेड्यातल्या मंडळीचा खरा जीव हंगामाच्या सणात असतो. ज्वारी-बाजरीच्या पाट्या, भोपळे, कोंबड्या, अंडी असे जे शेतात-घरात असेल ते वेदीपुढे येते. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. साध्या लिंबालाही दहापट बोली लागते, कारण ते पैसे मंडळीच्या फंडात जायचे असतात. आजाऱ्याची घरभेट, घरोघरी फिरती प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल यांतून आठवडा भरतो. मयतीच्या वेळी खड्डा खणण्यापासून घरच्यांना जेवण पोहोचवण्यापर्यंत सारे मंडळी करते. मोठ्या शहरात एकटा पडलेला माणूस मंडळी शोधतो, त्याचे कारण बहुधा प्रवचन नसून हीच सोबत असते.

अमेरिकन मिशनच्या मंडळ्या 1924 मध्ये स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्च (सी.एन.आय.) स्थापन झाले, आणि त्यात हे संयुक्त चर्च अँग्लिकन व इतर परंपरांसह विलीन झाले. अहमदनगर नाशिक धर्मप्रांतात आले. त्यामुळे बिशपाची व्यवस्था आली, पाळकांच्या बदल्या होऊ लागल्या. स्थानिक कारभार निवडलेल्या पास्टोरेट कमिटीकडे राहिला, पण पाळक आपण निवडायचा हा जुना हक्क आकुंचन पावला. ऐक्याची ही किंमत बऱ्याच मंडळ्यांनी मनापासून दिली. काही ठिकाणी मात्र मालमत्तेचे वाद कोर्टात गेले आणि त्यांत मंडळ्यांची शक्ती खर्ची पडली.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाहीत. परिणामी काही कुटुंबे रविवारी मंडळीत येतात, पण कागदोपत्री ख्रिस्ती म्हणून नोंद करत नाहीत. 1956 मध्ये दलितांनी सामुदायिकरीत्या घेतलेल्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर एकाच भावकीत बौद्ध आणि ख्रिस्ती घरे दिसू लागली. लग्नकार्यात दोन्ही एकत्र राबतात. मंडळीच्या रजिस्टरातील नावे आणि प्रत्यक्ष बाकांवर बसणारी माणसे यांचा मेळ त्यामुळे सहसा बसत नाही.