पाळण्यापासून पाठशाळेपर्यंत

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मागील पिढ्यांचें कृतज्ञतापूर्वक स्मरण करणें हें आमचें कर्तव्य होय. अशा स्मरणांत ख्रिस्तमंदिरें बांधणारे धर्मगुरु येतात, देणग्या देणारे सद्गृहस्थ येतात. परंतु ज्या मातांनीं उमेदीचीं वर्षें चूल आणि पाळणा ह्यांत वेंचिलीं, त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यांत उरकतो. मुलें मोठीं झालीं, अथवा घरचा कर्ता पुरुष गेला, म्हणजे अशी एखादी माता कामाच्या शोधार्थ बाहेर पडते. तेव्हां तिला विचारण्यांत येतें, ‘इतकीं वर्षें आपण काय करीत होतां?’ ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका संत मातेच्या चरित्रांत सांपडतें.

एलिझाबेथ ॲन सेटन ह्यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजीं न्यूयॉर्क येथें एका प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला. १७९४ सालीं विल्यम सेटन ह्या व्यापाऱ्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि १७९५ ते १८०२ ह्या काळांत त्यांना तीन मुली व दोन मुलगे झाले. १७९८ सालीं सासरे वारल्यावर पतीच्या धाकट्या भावंडांचा सांभाळहि त्यांच्याकडेच आला. मुलांना अक्षरओळख करून देणें, आजाऱ्यांची शुश्रूषा करणें, आणि पेढी डबघाईस आली तेव्हां पतीच्या कामांत हात देणें, हा त्यांचा दिनक्रम होता. ह्या श्रमांना वेतन नव्हतें, आणि व्यवसाय हें नांवहि नव्हतें.

पुढें पेढी बुडाली व पतीस क्षयानें ग्रासलें. हवापालटासाठीं १८०३ सालीं आठ वर्षांच्या ॲना मरियेस बरोबर घेऊन तीं उभयतां इटलींत गेलीं. न्यूयॉर्कमध्यें पीतज्वराची सांथ असल्यामुळें लिव्होर्नो बंदरांत त्यांना सुमारें एक महिना बाहेरच ठेवण्यांत आलें. तेथून सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत, २७ डिसेंबर रोजीं, पीसा येथें पति निवर्तले. फिलिक्की नामक कॅथॉलिक कुटुंबानें ह्या मायलेकींना आश्रय दिला. त्यांची श्रद्धा जवळून पाहून बाईंचें मन वळलें, आणि १४ मार्च १८०५ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं कॅथॉलिक धर्म स्वीकारला.

आतां पांच लेंकरें, हातीं पैसा नाहीं, आणि धर्म बदलल्यामुळें कित्येक आप्त दुरावलेले! त्यांनीं एका शाळेंत काम धरलें. ती लवकरच बंद पडली. मग शाळेंत जाणाऱ्या मुलांना घरीं ठेवून घेऊन त्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था त्या पाहूं लागल्या. त्यांतहि निभाव लागेना. अखेर फादर विल्यम डुबुर्ग ह्यांच्या निमंत्रणावरून १८०८ सालीं त्या बाल्टिमोरला गेल्या व तेथें मुलींची शाळा चालवूं लागल्या. तेव्हां त्यांचें चौतिसावें वर्ष चालू होतें, आणि धाकटी रिबेका अवघी पांच वर्षांची होती.

२५ मार्च १८०९ रोजीं बिशप जॉन कॅरोल ह्यांच्यासमोर त्यांनीं व्रतें घेतलीं, आणि त्याच वर्षीं एमिट्सबर्ग ह्या खेड्यांत धर्मभगिनींच्या संघाचा पाया घातला. २२ फेब्रुवारी १८१० रोजीं तेथें सेंट जोसेफ शाळा उघडली. ऐपतदार मुलींच्या फीमधून गरीब मुलींच्या शिक्षणाचा खर्च भागविण्यांत येई. जी गृहिणी तुटपुंज्या पैशांत अनेकांचीं ताटें वाढीत आली होती, तिला हा हिशेब नवा नव्हता.

येथें एक गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस मुद्दाम आणूं इच्छितों. संघाची नियमावली फ्रान्सांतील संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईज द मारियाक ह्यांनीं १६३३ सालीं स्थापिलेल्या संघाच्या धर्तीवर होती. आणि संत लुईज ह्याहि विधवा माता होत्या. तथापि सेटनबाईंनीं स्पष्ट सांगितलें होतें, कीं मुलांविषयींचें आपलें कर्तव्य सुटणार असेल तर असें कोणतेंहि पद आपणांस नको. वरिष्ठांनीं तें मान्य केलें. व्रतस्थ राहूनहि मुलांचें पालकत्व त्यांच्याकडेच राहिलें. मातेनें नियमासाठीं लेंकरें सोडलीं नाहींत. नियमानेंच मातेसाठीं वाट करून दिली.

ही वाट सुखाची मात्र नव्हती. १८१२ सालीं ॲना मरिया व १८१६ सालीं रिबेका ह्या दोघी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. तरीहि शाळा चालूच राहिली. १८१४ सालीं फिलाडेल्फिया व १८१७ सालीं न्यूयॉर्क येथील अनाथ बालकांच्या सेवेस त्यांच्या भगिनी गेल्या. ४ जानेवारी १८२१ रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, बाईंचें देहावसान झालें. १४ सप्टेंबर १९७५ रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्यांना संतपद दिलें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या व्यक्तींत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या होत.

आमच्या धर्मग्रामांतूनहि अनेक माता अशाच उंबरठ्यावर उभ्या आहेत. कोणी शिक्षिका होऊं पाहते, कोणी परिचारिका, कोणी शिवणकामाचा धंदा काढूं पाहते. त्यांना आम्ही सांगूं, कीं घरांत घालविलेलीं वर्षें रिकामीं नव्हतीं. धीर, काटकसर व दुसऱ्याचें दुःख ओळखण्याची दृष्टि त्याच वर्षांनीं दिली आहे. आणि ज्यांच्या हातीं शाळांचा व संस्थांचा कारभार आहे, त्यांना आमची विनंती आहे, कीं अशी माता दारीं आली असतां, तिला घरीं मूल आहे एवढ्यावरून परत पाठवूं नये. बिशप कॅरोल ह्यांनीं काय केलें तें आठवावें.