वृद्ध बंदी, तळोजा कारागृहातील

रायगड जिल्ह्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहात कडक बंदोबस्तात ठेवलेल्या वयोवृद्ध बंद्यांचा प्रश्न देशभर गाजला तो एल्गार परिषद प्रकरणामुळे. यातले काही आरोपी साठी-सत्तरी ओलांडलेले होते. ते शिक्षाबंदी नव्हते, न्यायाधीन बंदी होते. खटला उभा राहण्याआधीच त्यांचे उतारवय गजाआड सरत होते.

सुरक्षेचे नियम पळून जाऊ शकणारा धडधाकट माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. म्हातारपणी अडते ते साध्या वस्तूंवाचून, आणि तुरुंगात नेमक्या त्यांनाच परवानगी लागते. याच प्रकरणातले आरोपी, जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीत अटक झाली, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पार्किन्सनच्या कंपवाताने हात थरथरत. पेला धरता येत नसे. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांनी नोव्हेंबरात विशेष न्यायालयात अर्ज केला. त्यावर उत्तर द्यायला राष्ट्रीय तपास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागितली. त्याच महिन्यात दुसरे आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात चोरीला गेला आणि घरून पाठवलेला दुसरा चष्मा स्वीकारला गेला नाही, अशी कुटुंबीयांची तक्रार होती. अशा गोष्टीत माणुसकी पाहावी, हे सांगण्याची वेळ मुंबई उच्च न्यायालयावर आली.

२१ मे २०२१ रोजी स्वामी दूरदृश्य प्रणालीवरून मुंबई उच्च न्यायालयापुढे बोलले. तळोजात आलो तेव्हा चालणे, आंघोळ, लिहिणे, जेवणे माझे मी करत होतो. आता कुणीतरी चमच्याने भरवावे लागते, असे त्यांनी सांगितले. अवघ्या आठ महिन्यांतली ही घसरण. रुग्णालयात जाण्यापेक्षा रांचीला आपल्या माणसांत जाऊ द्या, हेच त्यांचे मागणे होते. महिनाअखेरीस त्यांना वांद्र्याच्या खासगी रुग्णालयात हलवले; ५ जुलैला तेथेच त्यांचे निधन झाले. जामीनअर्ज तेव्हाही प्रलंबित होता.

आजारी वा अशक्त आरोपीला जामिनात झुकते माप देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये होती, पण या प्रकरणात लावलेल्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कठोर अटींपुढे ती तोकडी पडली. याच प्रकरणातले आरोपी, तेलुगू कवी वरवरा राव यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये, ८० व्या वर्षी, सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन मिळाला. तळोजा कारागृहाच्या रुग्णालयातील सोयी अपुऱ्या असल्याचे उच्च न्यायालयाने त्या वेळी नमूद केले.

वृद्ध बंद्याचा चष्मा, काठी, सिपर या गोष्टी कारागृहाच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी मिळायला हव्यात. त्यांसाठी कोर्टाची तारीख लागू नये.