कुलाब्याची सुई आणि गुरूचा उजेड

2 सप्टेंबर 1859, सकाळी अकराचा सुमार. कुलाबा वेधशाळेत टांगलेल्या चुंबकसुईला आरसा बसवलेला होता. चुंबक किंचित वळला, की दुर्बिणीतून दिसणारे मोजपट्टीचे आकडे सरकत. एरवी तासातासाला होणारी नोंद त्या दिवशी काही मिनिटांनी घ्यावी लागली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक बघता बघता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी, म्हणजे चारेक टक्क्यांनी घसरला. जगभर ध्रुवीय प्रकाश पसरवणाऱ्या त्या चुंबकीय वादळाने मुंबईला भर दिवसा गाठलं. उजेड दिसण्याचा प्रश्नच नव्हता. साक्षीला होती ती सुई.

उजेड दिसला 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री. सूर्यास्तानंतर मुंबईच्या आकाशात तो पहाटेपर्यंत होता, असं 'टाइम्स ऑफ इंडिया'ने छापलं. या मुलखात ध्रुवीय प्रकाश म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. सुई मात्र प्रत्येक वादळाला हलते.

म्हणूनच ती जपली गेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांनी 1904 मध्ये चुंबकीय निरीक्षणं अलिबागला नेली. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेऊन त्यांनी जुन्या-नव्याचा मेळ घातला.

सुई हलवणारं कोण, याचं उत्तर 1958 मध्ये युजीन पार्कर यांनी मांडलं: सूर्यातून सतत सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत, सौरवात. परीक्षकांनी तो निबंध नाकारला होता. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी स्वतःला शंका असूनही तो छापला.

इतर ग्रहांच्या चुंबकत्वाचा मागही आधी डोळ्यांनी लागला नाही. गुरूकडून येणारा रेडिओ खरखराट 1955 मध्ये बर्क आणि फ्रँकलिन यांनी पकडला; त्याचा ध्रुवीय प्रकाश व्हॉएजर यानांनी 1979 मध्ये टिपला. तिथे सौरवाताचा वाटा दुय्यम ठरला. दहा तासांत गिरकी घेणारा हा ग्रह आणि ज्वालामुखींतून कण ओतणारा त्याचा उपग्रह आयो, यांच्यावरच तो उजेड मुख्यतः पोसला जातो. शनीवर सौरवाताचा हात जास्त चालतो. मंगळाला तर सगळीकडून राखणारं क्षेत्रच उरलेलं नाही. त्यामुळे कण थेट हवेत घुसतात आणि प्रकाश ध्रुवांपुरता न राहता ग्रहभर पसरू शकतो. मेव्हन यानाने तो तसा पाहिला. म्हणजे उजेडाची तऱ्हा सूर्याइतकीच ग्रहाच्या चुंबकावरही ठरते.

भारताचं आदित्य-एल1 यान जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, वाऱ्याच्या तोंडावर आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेत घडली; सौरवाताचे कण मोजणारी उपकरणं वेगळी. वादळ पृथ्वीवर आदळण्यापूर्वी तिथे कळतं, पण हाती उरतो तासभर किंवा त्याहूनही कमी वेळ. ते किती मोठं, हे ताडायला जुना मापदंड लागतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2003 मध्ये 1859 च्या वादळाचं मोजमाप मांडलं, ते कुलाब्याच्या वह्यांवरूनच. हाताने टिपलेले ते आकडे आजही महावादळांच्या हिशेबात धरले जातात.