डॅगर आणि जेनेरिक प्रकार
डॅगर ही अँड्रॉइड ॲपमधील घटकांना लागणारे ऑब्जेक्ट बाहेरून पुरवणारी, म्हणजेच डिपेंडन्सी इंजेक्शन करणारी लायब्ररी. मूळ स्क्वेअर कंपनीची. दुसरी आवृत्ती गूगलने पुढे नेली. जावात २००४ मध्ये आलेल्या जेनेरिक, म्हणजे कंसात दुसरा प्रकार घेणाऱ्या, प्रकारांचा तो तपशील प्रोग्राम चालताना उरत नाही. डॅगर मात्र जोडणी कंपाइल होतानाच ठरवते. त्यामुळे ‘रिपॉझिटरी<ग्राहक>’ आणि ‘रिपॉझिटरी<ऑर्डर>’ तिला वेगवेगळे ओळखता येतात. हेच तिचे खरे बळ. कॉटलिनमध्ये एक अडचण हमखास येते. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘प्लगिन’ या इंटरफेसचा ‘सेट<प्लगिन>’ मागितला, की जावाच्या नजरेला तो ‘सेट<? एक्स्टेंड्स प्लगिन>’ दिसतो. ऑब्जेक्ट पुरवणाऱ्या मॉड्यूलने ‘सेट<प्लगिन>’ पुरवलेला असूनही डॅगर तो नाहीच असे सांगून बिल्ड अडवते. ‘प्लगिन’च्या आधी ‘@जेव्हीएमसप्रेसवाइल्डकार्ड्स’ लिहिले, की दोन्ही प्रकार जुळतात.