बोटावरचे लिंबू

फराळाचे ताट समोर असताना दुखण्याबाण्याचे बोलू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. तो मोडतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण ही हकीकत एका लिंबापासून सुरू झाली आणि ते लिंबू मीच आणून दिले होते.

गोवंडीला आमच्या शेजारी एक निवृत्त फिटर राहत. त्यांच्या उजव्या अंगठ्याचे टोक सुजले, लाल झाले, रात्ररात्र ठणकू लागले. जो तो म्हणाला, "नखुर्डे आहे." लिंबाला भोक पाडून ते त्यांनी अंगठ्यावर टोपीसारखे चढवले. पुढे एका डॉक्टरांनी चीर दिली. पू आला नाही. महिन्याने पुन्हा चीर. अखेर हाताचा एक्स-रे काढला, तेव्हा टोकाचे हाड वाळवी लागलेल्या वाशासारखे पोखरलेले दिसले. सांधा मात्र शाबूत होता. मग छातीचा फोटो झाला आणि कर्करोगाचे मूळ घर फुप्फुसात सापडले.

जगातला पहिला गाजलेला क्ष-किरण फोटो हाताचाच होता. जर्मनीतील व्यूर्झबुर्ग येथे २२ डिसेंबर १८९५ रोजी राँटजेनने आपल्या पत्नीच्या हातावर ते किरण सोडले. बोटांची हाडे आणि अंगठी काचेवर उमटली. त्याआधी सहा वर्षे, १८८९ साली, लंडनचा शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट याने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. रोगाचे बी रक्ताबरोबर सर्वत्र जाते, मग ते ठराविक अवयवांतच का रुजते? त्याचे उत्तर शेतकऱ्यालाही पटावे असे होते : बियाला माती मानवली पाहिजे.

मणके, बरगड्या, कमरेची हाडे यांत तांबडी मज्जा असते. तिथे हे बी रुजते. मोठ्या माणसाच्या हाताच्या हाडांत ती जवळजवळ नसते. म्हणून हाडांत पसरणाऱ्या कर्करोगांपैकी हजारात एखादाच हातापर्यंत पोचतो. हँडले याने १९०६ साली असे उदाहरण नोंदवले. अशा रुग्णांत फुप्फुसाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, कारण फुप्फुसातून निघालेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूने थेट धमन्यांत जाते आणि बोटांच्या टोकांपर्यंत पोचते.

मुंबईत या रोगाशी झुंज सुरू झाली ती एका घरच्या दुःखातून. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा रुग्णालय उघडले. इकडे आमच्या गोवंडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या डोंगराआड, ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले आणि ट्रॉम्बे व परळ यांचे नाते जुळले. १९६३ साली परळलाच किरणोत्सारी औषधांचे केंद्र निघाले.

आज हाडांच्या तपासणीसाठी टेक्नेशियम नावाचे द्रव्य शिरेतून देतात. त्याचा किरणोत्सर्ग सहा तासांत निम्मा होतो. जिथे हाडाची मोडतोड व डागडुजी चालू असते, तिथे ते अधिक साठते, आणि डोक्यापासून बोटांपर्यंत साऱ्या सांगाड्यातली संशयाची ठिकाणे एकाच चित्रात दिसतात.

आमच्या शेजाऱ्यांची अशीच तपासणी झाली. रोग बरा होण्याची वेळ टळून गेली होती. बहुधा अशा रुग्णांचे काही महिनेच उरलेले असतात. पण अंगठ्यावर किरणांचे उपचार झाले आणि ठणका थांबला. त्या दिवाळीत नातवाच्या आकाशकंदिलाच्या काड्या त्यांनी स्वतः बांधल्या. पुढची दिवाळी त्यांना दिसली नाही.

बोट सुजले की घाबरून जाऊ नये. नखुर्डे हे बहुतेक वेळा नखुर्डेच असते. पण महिना उलटूनही ते उतरले नाही, चीर देऊन पू आला नाही, आणि माणूस वयाने मोठा, जुना बिडीवाला किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असला, तर तिसरी चीर देण्याआधी हाताचा फोटो मागून घ्यावा. नरकचतुर्दशीच्या पहाटे वडीलधाऱ्यांना तेल लावताना त्यांची बोटे आपल्या हातात येतातच. त्यांपैकी एखादे त्यांनी मागे ओढून घेतले, तर का, एवढे विचारावे. मी ते विचारले नाही. लिंबू आणायला गेलो.